काकू, बांगड्या काढा

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ठाण्याच्या तलावपाळीला फेरी मारून घरी येत होते. जांभळी नाक्याच्या अलीकडे ओल्या पेव्हर ब्लॉकवर चप्पल सरकली आणि पडताना सगळे जे करतात तेच मी केलं, हात टेकला. कट् असा आवाज आला. "मॅडम, कट् झालं हो," हे वाक्य नोकरीच्या ३२ वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की दुखायच्या आधी मला थोडं हसूच आलं. मनगटाकडे पाहिलं. जेवणाचा काटा उपडा ठेवल्यावर दिसतो तसा बाक आला होता. रिक्षात बसेपर्यंत माझं निदान झालेलं होतं: कॉलिस फ्रॅक्चर. डब्लिनच्या अब्राहम कॉलिसनं हे मोडणं १८१४ साली लिहून ठेवलं, एक्स-रे सापडायच्या ८१ वर्षं आधी, नुसतं बघून आणि चाचपून. तेव्हा फोटोची काही गरज नाही, असं मी लेकीला सांगून पाहिलं. तिनं ऐकलं नाही. बरोबर केलं.

सेंटरमधला टेक्निशियन पंचविशीचा असेल. कानात एकच इयरफोन, दुसरा गळ्यात लोंबता. त्यानं माझा हात फार हळुवार टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "काकू, बांगड्या काढा."

हे वाक्य माझं होतं. १९८७ पासून आधी नौपाड्यातल्या एका छोट्या एक्स-रे क्लिनिकमध्ये आणि पुढे वाशीला, मी ते दिवसातून दहा वेळा तरी म्हणत आले. काचेच्या बांगड्यांवरून मी जेवढे वाद घातले तेवढे नवऱ्याशीही घातले नसतील. "अहो, काचेच्या आहेत, लोखंडाच्या थोड्याच?" हा पहिला मुद्दा. "आरपार दिसतंय ना त्यातून?" हा दुसरा. दुसरा मुद्दा बिनतोड वाटतो, पण डोळ्याला जे आरपार आहे ते एक्स-रेलाही आरपार असेलच असं नाही. काच म्हणजे मुख्यतः सिलिकॉन आणि ऑक्सिजन, जोडीला थोडं सोडियम, थोडं कॅल्शियम. सिलिकॉनचा अणुक्रमांक १४. हाडातल्या सगळ्या घटकांची गोळाबेरीज करून एक आकडा काढला तर तोही १४ च्या जवळपास जातो. म्हणजे एक्स-रेच्या लेखी हिरवी बांगडी आणि हाड एकाच भावकीतले. उलट खणाचं पोलकं, पुठ्ठ्याचा खोका, गाद्यागिरद्या, डोळ्याला ज्यांच्यापलीकडचं काहीच दिसत नाही, त्या किरणांना जवळपास नसल्यासारख्या. मनगटावर बांगडी राहिली तर फोटोत नेमकी मोडलेल्या जागेवर पांढरी आडवी रेघ येणार आणि डॉक्टर मला विचारणार, "ही रेघ कसली?"

काही बांगड्या निघतच नसत. हात सुजलेला, साबण लावून झाला, तेल लावून झालं. त्यासाठी टेबलाच्या खणात मी एक छोटी पक्कड ठेवली होती. "फोडू का?" असं मात्र कधी विचारलं नाही. "वाढवू का?" असंच विचारायचं. एका नव्या नवरीनं मान हलवून हो म्हटलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले, ते हाताच्या दुखण्यानं नव्हे.

माझ्या दोन होत्या. लेकीनं साबणाच्या पाण्यात काढल्या.

मग मुलगा म्हणाला, "हलू नका हं," आणि काचेमागे गेला. ती काचही काचच, पण शिशाची. शिशाचा अणुक्रमांक ८२. त्यातून माणूस स्पष्ट दिसतो आणि एक्स-रे अडतात. नोकरीची सगळी वर्षं मी त्या काचेच्या पलीकडून माणसं बघितली. अलीकडच्या बाजूला, टेबलाशी, हात पुढे करून मी पहिल्यांदाच बसले होते. आणि घर्रर्र असा आवाज आला.

तो आवाज रुग्णांना घाबरवतो. मला तो घरच्या मिक्सरसारखा ओळखीचा. एक्स-रेचं बटण दोन टप्प्यांचं असतं. अर्धं दाबलं की दोन गोष्टी सुरू होतात. काचेच्या निर्वात नळीत एका टोकाला टंगस्टनची बारीक तार असते, ती बल्बच्या तारेसारखी तापते आणि तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडून तिच्याभोवती माश्यांसारखे घोंगावत राहतात. तापलेल्या तारेची ही नळी विल्यम कूलिजनं १९१३ साली बनवली. त्याआधीच्या नळ्या लहरी होत्या, आज चालतील उद्या नाही. दुसऱ्या टोकाला टंगस्टनचीच तबकडी, ती त्याच वेळी फिरायला लागते, मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या घरात. घर्रर्र आवाज तिचा. बटण पूर्ण दाबलं की तार आणि तबकडी यांच्यामध्ये पन्नास-पंचावन्न हजार व्होल्टचा दाब येतो. घोंगावणारे इलेक्ट्रॉन सेकंदाला सव्वा लाख किलोमीटरच्या आसपासच्या वेगानं सुटतात, बोटाच्या पेराएवढं अंतर तोडतात आणि तबकडीवर आदळून थांबतात.

एक्स-रे निघतात ते या थांबण्यातून. शिकत असताना आमच्या सरांनी फळ्यावर एक लांबलचक जर्मन शब्द लिहिला होता, ब्रेम्सश्ट्रालुंग. आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघायला लागलो. सर म्हणाले, "घाबरू नका, याचा अर्थ ब्रेक लागल्यामुळे निघालेले किरण." वेगात आलेला इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या अणुकेंद्राजवळून जातो, केंद्राचा धन प्रभार त्याला ओढतो, त्याची वाट वाकते, वेग कमी होतो. जेवढी ऊर्जा गेली तेवढ्या ऊर्जेचा एक फोटॉन, म्हणजे किरणाचा एक कण, बाहेर पडतो. थोडासाच ब्रेक लागला तर मरतुकडा फोटॉन. एकाच दणक्यात पूर्ण ब्रेक लागला तर सर्वात जोरदार, पण असं क्वचित. म्हणून नळीतून निघणारा एक्स-रे कधीच एका जातीचा नसतो. त्यात लुकडे, मध्यम, दांडगे सगळे असतात. लुकडे शरीराच्या पलीकडे पोचणारच नसतात, कातडीत जिरून नुसता त्रास देतात, म्हणून नळीच्या तोंडाशीच ॲल्युमिनियमचा पत्रा लावून त्यांना गाळून टाकतात.

आणि हे सगळं होतं फारच थोड्या इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत. शंभरातली नव्याण्णवच्या वर ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. लोकलचे जुने रेक ठाण्यात शिरताना करकचून ब्रेक मारायचे आणि प्लॅटफॉर्मवर तापलेल्या लोखंडाचा वास यायचा, तसंच. टंगस्टन वितळायला ३,४२२ अंश सेल्सियस लागतात, तरी एकाच जागी मारा झाला तर तोही टिकत नाही. म्हणून तबकडी फिरती ठेवतात. तव्यावरची भाकरी आपण फिरवत राहतो ना, एकाच जागी करपू नये म्हणून? तेच शहाणपण.

एक्स-रे निघायची दुसरीही एक तऱ्हा आहे. येणारा इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या अणूतल्या सर्वात आतल्या इलेक्ट्रॉनला उडवून लावतो आणि रिकामी जागा भरताना ठरावीक ऊर्जेचा फोटॉन निघतो. पण त्याला जवळजवळ ७० हजार व्होल्ट लागतात. मनगटाच्या फोटोत एवढे देत नाहीत. म्हणजे त्या दिवशी माझ्या हातातून गेलेला प्रत्येक किरण ब्रेकचाच होता.

बटण सोडलं की संपलं. खोलीत काही उरत नाही. हे मी किती जणांना सांगितलं असेल! एक आजोबा फोटो झाल्यावर दार उघडं टाकून बाहेर पंधरा मिनिटं उभे राहायचे, "किरण निघून जाऊ देत" म्हणून. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरतो का, असं विचारलं तर म्हणाले, "उजेड वेगळा, हे वेगळं." वेगळं म्हणाल तर वाशीत आहे. तिथं ब्रिट या अणुऊर्जा खात्याच्या संस्थेचा मसाल्यांवर गॅमा किरण सोडणारा प्रकल्प २००० सालापासून चालतो, त्यात कोबाल्ट-६० असतो. कोबाल्टला बटण नाही. तो रात्रंदिवस किरण देत राहतो, सव्वापाच वर्षांत निम्मा होईपर्यंत आणि त्यानंतरही. म्हणून अशा ठिकाणी काम नसताना त्याला पाण्याच्या खोल कुंडात बुडवून ठेवतात. २००४ साली ठाणे-वाशी लोकल सुरू झाल्यावर माझी नोकरी तिकडे गेली, तेव्हा मसाला मार्केटमधले हमाल फोटोला यायचे. कपड्यांना हळदीचा, धण्याचा वास. त्यातल्या एकानं विचारलं होतं, "बाई, किरण मारलेली मिरची आतून किरण सोडते काय?" नाही सोडत. तुझा फोटो काढल्यावर तू सोडतोस का? तो खूश होऊन गेला.

आता हातातून जाणाऱ्या फोटॉनचं काय होतं ते सांगते, कारण माझा सगळा धंदा त्यावर चालला. तीन गती. एक, तो सरळ पलीकडे जातो आणि प्लेटवर पोचतो. दोन, वाटेत एखाद्या अणूत पुरता गिळला जातो. तीन, एखाद्या इलेक्ट्रॉनला धक्का देऊन, स्वतः थोडा थकून, भलत्याच दिशेला जातो. प्लेटवर जिथं किरण पोचले तिथं काळं. हाड पांढरं दिसतं ते तिथं काही उमटलं म्हणून नव्हे, तिथं काही पोचलंच नाही म्हणून. लोक एक्स-रेला फोटो म्हणतात, मीही म्हणते, पण खरं तर ती सावली आहे. जे वाटेत थांबले त्यांची. शाळेत बीजगणितात जो क्ष सापडेपर्यंत माहीत नसायचा, त्याच क्षचं नाव मराठीनं या किरणांना दिलं आणि ते फार नेमकं आहे. रोंटगेनला ८ नोव्हेंबर १८९५ ला वुर्झबर्गच्या प्रयोगशाळेत दूरवरचा पडदा चमकताना दिसला, तेव्हा हे काय आहे ते कळेना, म्हणून त्यानं एक्स हे नाव दिलं. २२ डिसेंबरला बायकोचा हात प्लेटवर ठेवून त्यानं फोटो घेतला. तो हात आजही सगळ्या पुस्तकांत असतो. बोटात अंगठी तशीच. मला तो फोटो पाहिला की पहिल्यांदा हेच येतं मनात, की हिला दागिना काढा म्हणून सांगणारं कोणी नव्हतं.

गिळलं जाण्याचा हिशेब मात्र मला अजूनही थक्क करतो. अणुक्रमांक वाढला की गिळण्याची शक्यता साधारण त्याच्या घनाच्या पटीत वाढते. मांसात मुख्यतः पाणी, म्हणजे ऑक्सिजन, ८. हाडात कॅल्शियम, २०. अडीचपट. अडीचचा घन साडेपंधराच्या वर. म्हणून बरगडीमागचं फुप्फुस दिसतं, बरगडीही दिसते, आणि एवढ्याशा फरकावर सगळं रेडिओलॉजी उभं आहे. उलट बाजूला, किरणाची ऊर्जा वाढवली की तेच गिळणं घनाच्याच पटीत झपाट्यानं कमी होतं. केव्हीचं, म्हणजे नळीतल्या किलोव्होल्टचं, बटण जरा पुढे सरकवलं की हाड आणि मांस यांच्यातला फरक उतरणीला लागतो.

म्हणून केव्ही ही हाताची कला होती. माझ्याकडे शंभर पानी वही होती. जाडी मोजायचा कॅलिपर असायचा. दर सेंटिमीटरला दोन केव्ही वाढवायचे, हा पाठ. पुढचं वहीत: "पैलवान, छाती", "म्हातारी, हाडं पोकळ, पाच कमी", "दारूचं पोट, वाढव". कमी केव्हीला काळं-पांढरं खणखणीत येतं, पण जाड माणसाच्या पलीकडे काही पोचत नाही. जास्त केव्हीला सगळं पोचतं आणि फोटोची राखाडी खिचडी होते. त्यात ठाण्याची वीज. एप्रिल-मेच्या संध्याकाळी पंखे मंदावायचे, मशीनवरचा लाइन व्होल्टेजचा काटा खाली यायचा, आणि तो काटा जागेवर न आणता एक्स्पोजर दिलं की फिल्म फिकी. लाल दिव्याच्या डार्करूममध्ये डेव्हलपरच्या टाकीतून हँगर वर काढला की दोन सेकंदांत कळायचं, पुन्हा घ्यावा लागणार. बाहेर आजी शाल पांघरून बसलेली. तिला पुन्हा उठवायचं, पुन्हा डोस द्यायचा, माझ्या आळसापायी. एकदा मालकांनी त्या वाया गेलेल्या फिल्मचे पैसे पगारातून कापले. मला राग पैशांचा आला नाही, आजीला विचारायला मीच जायचं याचा आला.

तिसऱ्या गतीचे, धक्का खाऊन वाट चुकलेले, ते सगळ्यात वाईट. आर्थर कॉम्प्टननं १९२३ मध्ये त्यांचा हिशेब मांडला आणि १९२७ चं नोबेल मिळवलं. गिळले गेलेले किरण पांढरं देतात, पोचलेले काळं देतात. हे मात्र नको तिथं पोचून नुसतं धुकं पसरवतात. पोटाच्या फोटोत पलीकडे पोचणाऱ्यांत सरळ आलेल्यांपेक्षा यांचीच संख्या जास्त असते. यांना रोखायला शिशाच्या बारीक पट्ट्यांची जाळी असते. गुस्ताव्ह बकीनं ती १९१३ साली काढली आणि आमच्या खोलीत ती अजून त्याच्याच नावानं ओळखली जाते: "बकीवर झोपवा." सरळ येणाऱ्याला पट्ट्यांमधून वाट मिळते, तिरपा आलेला पट्टीत अडकतो. आणि आमच्या, म्हणजे काम करणाऱ्यांच्या, अंगावर जे काही येतं ते बहुतेक याच भटक्यांचं. ट्यूबमधून थेट नव्हे, रुग्णाच्या अंगातून. एक्स्पोजरच्या क्षणी तो बिचारा रुग्णच दिव्यासारखा होतो. मीटरभर अंतरावर त्याच्या अंगावर पडलेल्याच्या सुमारे हजारावा हिस्सा येतो. एक मीटरवरून दोन मीटरवर सरकलात की त्याचाही चौथा हिस्सा. आयसीयूत पोर्टेबल मशीन घेऊन गेले की मी "एक्स-रे!" असं ओरडायचे आणि नर्सेस पांगायच्या. लोकांना तो उद्धटपणा वाटे. तो वर्गाचा नियम होता, अंतराच्या वर्गाचा.

पोचलेल्या भटक्यांची नोंद ठेवायला छातीवर टीएलडी बॅज. आत टेफ्लॉनच्या तीन टिकल्या, त्यात कॅल्शियम सल्फेट आणि डिस्प्रोसियम नावाच्या धातूचा अंश. हे मिश्रण आपल्या बीएआरसीनं, ट्रॉम्बेला, तयार केलेलं. किरण लागले की त्यातले इलेक्ट्रॉन उडतात आणि स्फटिकातल्या खाचांमध्ये अडकून बसतात. महिनोन्‌महिने बसतात. तिमाही संपली की बॅज जातो, टिकल्या तापवतात, अडकलेले सुटतात आणि सुटताना उजेड देतात. जेवढा उजेड तेवढा डोस. एका तिमाहीत माझा आकडा भलताच वर आला आणि चौकशीचं पत्र आलं. मी घाबरले, घरी सांगितलंही नाही. मग आठवलं. गौरीला गावी गेले होते तेव्हा ॲप्रन बॅजसकट एक्स-रेच्या खोलीत खुंटीवर राहिला होता. चार दिवस त्यानं माझ्याशिवाय नोकरी केली होती. मी ते लिहून कळवलं. उत्तर यायला जो वेळ लागला त्यात माझी झोप गेली, एवढं खरं.

हे सगळं परवा का आठवलं, तर प्लॅस्टरमुळे. मनगट ओढून बसवल्यावर ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी ओल्या पट्ट्या गुंडाळल्या आणि हात हळूहळू गरम व्हायला लागला. प्लॅस्टर ऑफ पॅरिस पाणी घेऊन घट्ट होताना तापतं, हे माहीत होतं. प्लॅस्टर ऑफ पॅरिस म्हणजे काय, हेही माहीत होतं. पण दोन माहित्या डोक्यात वेगवेगळ्या फडताळात पडलेल्या असतात. तिथं बसल्या बसल्या त्या एकमेकींना भेटल्या. कॅल्शियम सल्फेट. माझ्या बॅजमध्ये होतं तेच. इतकी वर्षं छातीवर टिकलीएवढं घेऊन फिरले, आता कोपरापर्यंत. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, वेदनाशामक जास्त झालंय तुला."

सहा आठवड्यांनी प्लॅस्टर कापलं आणि तपासणीचा फोटो घ्यायला पुन्हा त्याच मुलाकडे गेले. हात बारीक, कातडी सोललेली, बांगड्या नव्हत्याच. या वेळी त्यानं दोन्ही इयरफोन खिशात ठेवले होते. लेकीनं त्याला माझी नोकरी सांगितली होती. घर्रर्र झालं. त्यानं मला आत स्क्रीनपाशी बोलावलं. मोडीची काळी रेघ पुसट झाली होती, तिच्या कडेनं पांढुरकी धूसर. कॅल्शियम येऊन बसायला लागलं होतं.

"केव्ही किती दिलास?" मी विचारलं.

तो जरा गोंधळला. "ऑटो असतं काकू. 'रिस्ट' दाबलं की आपोआप येतं." मग त्यानं स्क्रीनच्या कोपऱ्यात बोट दाखवलं. पंचावन्न.

चित्र छान होतं. कॉन्ट्रास्ट त्यानं माउसनं आणखी वाढवून दाखवला. मी काही बोलले नाही. पण माझा हात आहे, आधीच बारीक, सहा आठवड्यांत आणखी वाळलेला. मी पन्नासवरच घेतला असता.